डावा की उजवा? सहा रिंगांचा कायरल रेणू बनवतानाचे एकोणीस महिने

मागच्या आठवड्यात शेवटचं मोजमाप झालं, लॅबची तिसरी वही संपली, म्हणून आता हे लिहायला बसलेय. सुरुवात केली तेव्हा मला नेमकं असं काहीतरी वाचायला हवं होतं. पेपरमध्ये प्रत्येक रिॲक्शन पहिल्या फटक्यात झाल्यासारखी लिहिलेली असते, मध्ये किती आठवडे नुसतं थांबावं लागलं, कुठला फॉर्म परत आला, कुठली बाटली चुकीच्या नावाने कपाटात गेली हे कुठेच नसतं. तुम्ही कायरल (डाव्या-उजव्या हातासारखं आरशातल्या प्रतिबिंबाशी न जुळणाऱ्या) हेलिसीनवर काम सुरू करणार असाल तर यातलं थोडंफार तरी कामी येईल.

आधी थोडक्यात, हे करायचं कशासाठी. बेंझिनच्या रिंगा एकीला एक अशा वाकवत जोडत गेलं की पाचव्या-सहाव्या रिंगेपाशी जागाच उरत नाही, शेवटच्या रिंगेला पहिलीच्या वर चढावं लागतं आणि रेणूचा गोल जिना होतो, त्यालाच हेलिसीन म्हणतात. तो जिना डावीकडे वळतो किंवा उजवीकडे, स्क्रूच्या आट्यांसारखा. उजव्या वळणाला पी म्हणतात, डाव्याला एम. कायरल रेणूत सहसा असतो तसा चार वेगवेगळे गट लागलेला कार्बन यात एकही नसतो, तरी अख्खा रेणू कायरल. १९५६ मध्ये न्यूमन आणि लेडनिसर यांनी सहा रिंगांचा हेक्साहेलिसीन बनवून त्याचे दोन्ही हात, म्हणजे डावे आणि उजवे रेणू, वेगळे केले, आणि त्याचा स्पेसिफिक रोटेशन (ध्रुवित प्रकाशाचं प्रतल किती फिरवतो त्याचं माप) साडेतीन हजार अंशांच्या वर निघाला. आपल्या साखरेचा साधारण ६६ असतो. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हाच ठरवलं की याच रेणूंवर काम करायचं.

इलेक्ट्रॉनिक्सशी संबंध असा, की असे रेणू डाव्या आणि उजव्या वर्तुळाकार ध्रुवित (स्क्रूसारखा फिरत जाणाऱ्या) प्रकाशात फरक करतात. ओएलईडी स्क्रीनवर बाहेरच्या उजेडाची चकाकी थांबवायला जो पोलरायझर बसवतात तो आतल्या साध्या प्रकाशातला जवळपास अर्धा खाऊन टाकतो, रेणूनेच योग्य वळणाचा प्रकाश दिला तर तो वाया जाणार नाही. उलट दिशेने, २०१३ मध्ये फक्टर आणि कॅम्पबेल यांच्या गटाने एका अझाहेलिसीनचा (कार्बनच्या जागी नायट्रोजन असलेल्या हेलिसीनचा) ट्रान्झिस्टर करून दाखवला, तो प्रकाश डावा आहे की उजवा हे विजेच्या प्रवाहावरून सांगतो. मला तेच करायचं होतं, पण स्वतःच्या रेणूने.

जून-जुलै कॉम्प्युटरसमोर गेले. डीएफटी या क्वांटम कॅल्क्युलेशनच्या पद्धतीने वेगवेगळ्या रेणूंच्या ऊर्जापातळ्या काढल्या, सायनो (कार्बन-नायट्रोजनचा) गट लावला तर इलेक्ट्रॉन सहज आत येईल असं दिसलं, मग सायनोच पक्का केला. रिंगा पाच ठेवल्या कारण पाचाचा रेणू दोन स्टेप आधी तयार होत होता. माझी सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. मी प्रकाश किती शोषेल हे मोजलं, चार्ज कसा जाईल हे मोजलं, पण हा जिना खोलीच्या तापमानाला आपोआप उलटा होतो का, हे मोजलंच नाही.

सोप्या गोष्टीसुद्धा वेळ खातात हे ऑगस्टमध्ये कळलं. हेलिसीन बनवायची जुनी आणि अजूनही भरवशाची पद्धत म्हणजे विटिग रिॲक्शनने दोन तुकडे दुहेरी बंधाने जोडून स्टिलबीन करायचं आणि त्याच्यावर अतिनील प्रकाश टाकून आयोडीनच्या मदतीने रिंग बंद करायची. त्यासाठी पाऱ्याचा दिवा लागतो, दिव्याला पाण्याची कूलिंग लागते, आणि पाणी बंद पडलं तर दिवा आपोआप बंद होणारी सोय आहे हे दाखवल्याशिवाय सेफ्टी कमिटी सही करत नाही. माझा फॉर्म दोनदा परत आला. पहिल्यांदा, पाण्याचा होज क्लिपने आवळलेला आहे का ते लिहिलं नव्हतं म्हणून. दुसऱ्यांदा प्रोपिलीन ऑक्साइडमुळे, आणि ते त्यांचं बरोबरच होतं. रिॲक्शनमध्ये जे हायड्रोजन आयोडाइड तयार होतं ते शोषून घ्यायला प्रोपिलीन ऑक्साइड घालतात, कॅट्झच्या गटाची १९९१ ची सुधारणा आहे ही, पण ते ३४ अंशाला उकळतं, पटकन पेट घेतं आणि कर्करोगाचा धोकाही आहे, आणि मी ते तापलेल्या दिव्याशेजारी वापरणार होते. शेवटी टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) वापरायचं ठरलं, तेही हे काम करतं. सही मिळायला पाच आठवडे आणि तीन दिवस लागले. एक सांगते, हा फॉर्म रसायनं मागवायच्या दिवशीच भरा, रसायनं आल्यावर नाही. आयोडीनला आमच्याकडे वेगळा फॉर्म आणि वेगळं रजिस्टर होतं, प्रत्येक ग्रॅमची नोंद.

तर पाच रिंगांचा रेणू नोव्हेंबरच्या मध्यात हातात आला. वाटेत त्याचा बराचसा भाग पुढे आणखी एक बंध बनवून सपाट बेंझोपेरिलीन सांगाडा होऊन गेला, पाच रिंगांच्या हेलिसीनला ही खोड असतेच, दिवा जास्त वेळ ठेवला की रेणू सपाट होऊन बसतो. तरी ४० मिलिग्रॅम शुद्ध मिळाला. कायरल एचपीएलसीवर (डावे-उजवे वेगळे करणाऱ्या कॉलमच्या मशीनवर) दोन सुंदर वेगळे पीक दिसले, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मी दोन्ही हात वेगळे केले, शुद्धता तपासली तर एनॅन्टिओमेरिक एक्सेस (एक हात दुसऱ्यापेक्षा किती जास्त आहे ते) ९८ टक्के. कुप्या बेंचवर ठेवून घरी गेले. सोमवारी सीडी स्पेक्ट्रम (डावा आणि उजवा प्रकाश शोषण्यातला फरक) घ्यायला गेले तर सिग्नल अर्ध्याहून कमी. मला वाटलं मशीन बिघडलंय. मशीन सांभाळणाऱ्या सीनियरने शांतपणे विचारलं, बॅरियर किती आहे? म्हणजे जिना उलटायला किती ऊर्जा लागते. मी गप्प. परत एचपीएलसीवर टाकलं तर ९८ चे ४० च्याही खाली आले होते.

रेणू खराब झाला नव्हता, एनएमआर (रेणूची रचना दाखवणारं मोजमाप) तसाच्या तसा होता. फक्त डाव्यातले बरेच उजवे झाले होते आणि उजव्यातले डावे. पाच रिंगांच्या साध्या हेलिसीनला उलटायला मोलमागे साधारण २४ किलोकॅलरी पुरतात, म्हणजे खोलीच्या तापमानाला दोन-चार दिवसांत काम संपलं, ५७ अंशाला तर अर्धा एक्सेस तासाभरात जातो. सहा रिंगांना हाच आकडा ३६ च्या आसपास जातो आणि मग २२१ अंशाला ठेवूनही अर्धा एक्सेस जायला तेरा-चौदा मिनिटं लागतात. एका रिंगेने एवढा फरक! आणि मला तर डिव्हाइसमधला रेणूचा पातळ थर, म्हणजे फिल्म, १४० अंशाला तापवायची होती. त्या सोमवारी मी लॅबच्या मागच्या जिन्यावर बराच वेळ बसून होते. पाच महिने गेले होते आणि हे सगळं एका दुपारच्या कॅल्क्युलेशनमध्ये दिसलं असतं.

गाइड मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर मला एकच ओळ लिहायला लावली: माझ्या प्रोसेसमधलं सगळ्यात जास्त तापमान किती आणि तिथे हा रेणू किती वेळ आपला हात टिकवेल. तुमचा रेणू कुठलाही असो, डिझाइनच्या दिवशी एवढं करा. उलटण्याच्या वाटेवरचा ट्रान्झिशन स्टेट (सगळ्यात जास्त ऊर्जेची मधली अवस्था) काढा, त्यातून अर्धायुष्य काढा, एनीलिंगच्या (फिल्म तापवायच्या) तापमानाला, आणि रोटरी इव्हॅपोरेटरच्या (सॉल्व्हंट उडवायच्या यंत्राच्या) बाथच्या तापमानालासुद्धा. बाथ आपण विसरतो.

डिसेंबरमध्ये नव्याने सुरुवात. सहा रिंगा, एका टोकाला सायनो. मार्ग असा: नॅफ्थॅलीनवाला फॉस्फोनियम सॉल्ट आणि पॅरा-मिथाइल बेंझाल्डिहाइड यांचं स्टिलबीन, त्याच्यावर प्रकाश टाकून चार रिंगा, मग त्या मिथाइलवर एनबीएस या ब्रोमीन देणाऱ्या रसायनाने ब्रोमीन, परत फॉस्फोनियम सॉल्ट, त्याची पॅरा-सायनो बेंझाल्डिहाइडशी विटिग, परत प्रकाश, सहा रिंगा. दोन्हीकडे पॅराच का, म्हणजे गट बेंझिनच्या समोरासमोरच्या टोकांनाच का, तर त्या बेंझिनच्या दोन्ही बाजू सारख्याच राहतात आणि रिंग कुठेही बंद झाली तरी प्रॉडक्ट एकच. मेटा (मधे एक जागा सोडून) घेतलं असतं तर दोन आयसोमर वेगळे करत बसावं लागलं असतं. रेणूची रचना काढताना चार्जचा विचार सगळे करतात, कॉलम क्रोमॅटोग्राफीचाही तेव्हाच करा.

जानेवारी ते एप्रिल हे नुसतं बेंचवरचं काम, त्यात सांगण्यासारखं कमी आहे. ब्रोमीनेशनमध्ये एकाऐवजी दोन ब्रोमीन चिकटू शकतात, म्हणून एनबीएस किंचित कमीच घातलं आणि थोडं कच्चं मटेरियल शिल्लक राहिलं तरी चालवून घेतलं. विटिगनंतर ट्रायफिनाइलफॉस्फिन ऑक्साइड सगळीकडे चिकटून राहतं, मी सिलिकाच्या छोट्या थरातून टोल्यूइनने गाळून घ्यायचे, बरंचसं मागे राहतं. आणि एक गोष्ट जी मला आधी कोणी सांगितली असती तर माझे तीन आठवडे वाचले असते: विटिगमधून सिस आणि ट्रान्स (टोकं एकाच बाजूला आणि विरुद्ध बाजूंना असलेल्या) स्टिलबीनचं मिश्रण येतं, ते वेगळं करत बसू नका. दिव्याखाली दोन्ही एकमेकांत बदलतच असतात आणि रिंग सिसमधूनच बंद होते. मी पहिल्या वेळी अगदी मन लावून दोघांना वेगळं केलं होतं.

मे महिन्यात प्रकाशाची मोठी रिॲक्शन. इथे पातळ द्रावण ठेवावंच लागतं, नाहीतर दोन स्टिलबीन एकमेकांनाच जोडले जातात. लिटरभर टोल्यूइनमध्ये एक मिलिमोल, म्हणजे ३५५ मिलिग्रॅम फक्त. अर्धा तास आर्गॉन सोडून ऑक्सिजन घालवायचा, आयोडीन मोजून घालायचं, टीएचएफ घालायचं, मग दिवा. आयोडीनचा रंग हळूहळू फिका होत जातो, ते बघायला मला फार आवडायचं, पण रंगावर विसंबू नका, दर तासाला थोडं द्रावण काढून एनएमआर बघा. साधारण चार तास लागायचे. शेवटी सोडियम थायोसल्फेटने धुवायचं. एका बॅचमधून सुमारे २१० मिलिग्रॅम मिळायचे, ६० टक्के यील्ड, अशा पाच बॅच केल्या, म्हणजे पाच दिवस आणि पाच लिटरहून जास्त टोल्यूइन. वापरलेल्या सॉल्व्हंटच्या कॅनवर आयोडीन असल्याची चिठ्ठी लावली नाही म्हणून वेस्टवाल्यांनी एक कॅन परत पाठवला, चिठ्ठी लावून पुन्हा रांगेत ठेवला, आठ दिवस गेले.

पहिल्या बॅचचा एनएमआर मी आयुष्यभर विसरणार नाही. हेलिसीन खरंच वळलाय की रिंग चुकीच्या बाजूला बंद होऊन सपाट आयसोमर झालाय हे एका नजरेत कळतं. जिना झाला असेल तर टोकाच्या रिंगेवरचा एक प्रोटॉन समोरच्या रिंगेच्या सावलीत येतो आणि नेहमीच्या जागेवरून खाली, एनएमआरच्या मोजपट्टीवर ६.७ पीपीएमच्या आसपास सरकतो. तो तिथे होता. छोटासा, स्वच्छ, आपल्या जागी.

पुढचं थांबणं एचपीएलसीचं. कायरल सेमी-प्रेप (जास्त मटेरियल वेगळं करणारा) कॉलम आमच्याकडे एकच, तो चार ग्रुप वापरतात, स्लॉट सात आठवड्यांनंतरचा मिळाला. त्या सात आठवड्यांत ॲनालिटिकल (फक्त तपासणीच्या छोट्या) कॉलमवर छोटे इंजेक्शन देऊन कंडिशन पक्की करून ठेवली, आणि हे नक्की करा, स्लॉटच्या दिवशी सॉल्व्हंट शोधत बसू नका. दुसरं, कॉलमचं लेबल नीट वाचा. सेल्युलोज किंवा अमायलोजचा थर नुसता लेपलेला असेल तर डायक्लोरोमिथेन, क्लोरोफॉर्म, टीएचएफ, इथाइल ॲसिटेट यांनी तो धुऊन निघतो आणि कॉलम कायमचा जातो, थर बंधाने पक्का बसवलेला असेल तर चालतात. हेलिसीन हेक्सेनमध्ये फारसा विरघळत नाही म्हणून प्रत्येकाला डायक्लोरोमिथेन वापरायचा मोह होतो. आमचा पक्का थरवाला होता, तरी मी दोघांना विचारून मगच घातलं.

एका इंजेक्शनमध्ये सहा मिलिग्रॅम, बारा मिनिटं, शंभर इंजेक्शन. म्हणजे वीस तास, चार स्लॉटमध्ये वाटलेले. पहिल्या हाताचे २५५ मिलिग्रॅम, दुसऱ्याचे २४०. दोन्ही ९९ टक्क्यांच्या वर. या वेळी कुपी मुद्दाम आठवडाभर बेंचवर ठेवली आणि परत तपासली. ९९. टोल्यूइनमध्ये रात्रभर ११० अंशाला उकळलं. ९९.

मग लेबलचा घोळ. पहिल्या स्लॉटच्या आधी ॲनालिटिकल कॉलमवर जो आधी बाहेर येत होता त्याचा सीडी घेऊन तो पी आहे हे मी ठरवलं होतं, आणि सेमी-प्रेपवर आधी येणाऱ्यालाही सरळ पी लिहिलं. पण दोन कॉलमचे थर वेगळे होते आणि क्रम उलटा झाला होता. ऑगस्टमध्ये दोन आठवडे मी डाव्याला उजवा समजून फिल्म केल्या. लक्षात आलं ते सीडीचं चिन्ह (अधिक की उणे) कॅल्क्युलेशनच्या बरोबर उलटं आलं तेव्हा, तीन वेळा कॅल्क्युलेशन परत केलं, मग कुठे कुपीकडे बघितलं. तेव्हापासून कुपीवर मी फक्त कॉलमचं नाव, आधी की नंतर, आणि तारीख लिहिते, पी किंवा एम नाही. पी-एम हे वहीत, पुराव्यासकट. साध्या हेलिसीनमध्ये पी म्हणजे प्रकाशाचं प्रतल उजवीकडे फिरवणारा असं जुळतं, पण आपल्या रेणूचं आपण सिद्ध करायचं.

सप्टेंबरपासून योग्य लेबलच्या फिल्म. हा रेणू एका प्रकाश देणाऱ्या पॉलिमरमध्ये मिसळायचा, काचेवर स्पिन कोटरने पसरायचा, ग्लोव्हबॉक्समध्ये १४० अंशाला दहा मिनिटं तापवायचा. डावा-उजवा फरक किती ते जी फॅक्टरने मोजतात, त्याची कमाल किंमत २, आणि साध्या कायरल रेणूंना द्रावणात हजारात काही भाग एवढीच मिळते. माझ्या द्रावणाची ०.००८ होती. पहिल्या फिल्मची आली ०.३. त्या रात्री मला झोप लागली नाही, आनंदाने.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, रेसिमिक फिल्म केलीस का? केली. डावे-उजवे समसमान असलेल्या फिल्मने शून्य द्यायला हवं, तिने ०.१ दिलं. फिल्म उलटी करून मोजली तर चिन्ह उलटलं, फिरवून मोजली तर आकडा बदलला. म्हणजे जे मी मोजत होते त्यातलं बरंचसं कायरॅलिटीचं नव्हतंच. पसरताना पॉलिमरच्या साखळ्या एका दिशेला ओढल्या जातात, मग फिल्म सरळ ध्रुवित प्रकाशालाही दिशेनुसार वेगवेगळी वागणूक देते आणि मशीनला ते सीडीसारखं दिसतं. प्रत्येक फिल्म दोन्ही बाजूंनी, आणि फिरवून निदान चार कोनांत मोजा, आणि रेसिमिक फिल्म त्याच दिवशी, त्याच बॅचमध्ये करा. हे सगळं केल्यावर माझा आकडा ०.०२ वर स्थिरावला. उतरला खरा, पण पी आणि एमचे स्पेक्ट्रम आरशात धरल्यासारखे एकमेकांसमोर आले आणि रेसिमिक मधोमध शून्यावर. मला तो ०.०२ त्या ०.३ पेक्षा कितीतरी जास्त प्रिय आहे.

रेसिमिक मटेरियल फेकू नका हे अजून एका कारणासाठी. शुद्ध हात आणि मिश्रण घन अवस्थेत वेगवेगळे रचले जातात, आणि त्याने चार्जची चालही बदलते. एका अझाहेलिसीनच्या ट्रान्झिस्टरमध्ये यामुळे होल मोबिलिटीत (धन चार्ज किती सहज सरकतो त्यात) ८० पटींपर्यंत फरक पडल्याचं २०१७ मध्ये छापून आलंय. माझ्याकडे फरक एवढा नाही, पण आहे, आणि तो बघायला मिळाला तो मी २०० मिलिग्रॅम बाजूला ठेवले होते म्हणूनच.

डिव्हाइसवर क्वार्टर-वेव्ह प्लेट (सरळ ध्रुवित प्रकाश वर्तुळाकार करणारी) फिरवत डावा-उजवा प्रकाश टाकून करंट मोजायला नोव्हेंबर आणि डिसेंबर गेले. बारा डिव्हाइसपैकी तीन पहिल्याच दिवशी शॉर्ट झाले, नऊ चालले. पीचा ट्रान्झिस्टर एका हाताच्या प्रकाशाला जास्त करंट देतो, एमचा दुसऱ्या.

शेवटची तपासणी जानेवारीत, माझ्याच हट्टाने. मोजून झालेल्या एका डिव्हाइसची फिल्म थोड्या टोल्यूइनने काचेवरून उतरवली, मिथेनॉल घालून पॉलिमर खाली बसवला, ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलं आणि उरलेलं कायरल कॉलमवर टाकलं. फार थोडं मटेरियल होतं, बेसलाइन जरा थरथरत होती. नऊ मिनिटं चोवीस सेकंदांना पीक आला. दुसऱ्या हाताचा अकराव्या मिनिटाला यायचा, मी पंधरा मिनिटांपर्यंत स्क्रीनसमोरून हलले नाही. तो आला नाही.